पाण्याने वर उचललेला पाकट

मका अर्धाच कुटून झाला होता. फेलिसिता खापरातले तडतडते दाणे उघड्या बोटांनी उचलत होती आणि दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाच्या एकेका घावात चपटे करत होती. तेवढ्यात बर्गिता अंगणात शिरली, ती हातात सरपणाचं लाकूड घेऊनच. पहिला फटका फेलिसिताच्या खांद्यावर बसला.

"बोल, नवऱ्याशी कशावरून भांडलीस? माझ्या पोराच्या मांडीचं हाड बाहेर आलंय!"

बर्गिताचा मुलगा सिल्वेस्टर नावेवर खलाशी, तर फेलिसिताचा नवरा हिलारिउस त्याच नावेचा भालेकरी. लेंबाटा बेटाच्या या किनाऱ्यावर भाला हुकला की लोक समुद्राकडे बघत नाहीत, भालेकऱ्याच्या घराकडे बघतात. घरात वाद झाल्याशिवाय नेम चुकेल कसा? आज तर लागोपाठ तिसऱ्यांदा चुकला होता. भाल्याने त्या राक्षसी पाकट माशाचा पंख नुसता फाडला. पिसाळलेल्या जनावराने नावेची कड फोडली, भाल्याचा दोर सिल्वेस्टरच्या मांडीभोवती आवळला गेला. नाव वाळूला लागली तेव्हा तळात घोटाभर रक्ताळलेलं पाणी होतं.

"इना," फेलिसिताने तिला आईच्या मानाने हाक मारली, "देवाशपथ, नाही भांडले."

"मग काय पाकटाने गळ्यात क्रूस घातला होता, म्हणून भाला चुकला?" दुसरा फटका कानशिलावर आला. मग हातातलं लाकूड टाकून बर्गिता हंबरडा फोडत परत गेली.

हिलारिउस आत भिंतीला टेकून बसला होता. दोराने सोललेले तळवे मांडीवर उताणे.

"उडी मारलीस?" फेलिसिताने विचारलं.

त्याने तळवे मिटून घेतले.

"नावेच्या टोकाच्या फळीवर उभं राहूनच फेकलास ना भाला?"

तिचे वडील तीस वर्षं भालेकरी होते. ते म्हणायचे, तिरकं पाहिलं की पाणी माशाला वर उचलून दाखवतं, भाला त्याच्या पाठीवरून निघून जातो. भाल्यासकट थेट त्याच्या डोक्यावर पड. तिथून मासा इकडेतिकडे सरकलेला दिसत नाही, फक्त दिसतो त्याहून खोल असतो. गेल्या हंगामात हिलारिउसच्या भावाला दोराने खाली ओढून नेलं. तेव्हापासून याचे पाय फळी सोडत नव्हते.

"उद्या मारतो उडी," तो म्हणाला. "तू फक्त चारचौघांत सांग, आपण भांडलो होतो. लोक गप्प बसतील."

"देवाला काय सांगू? आणि उद्या पाय नाही सुटले तर? आता कुणाचं हाड मोडायचं?"

तो उठला. केस धरून त्याने तिचं डोकं दाराच्या खांबावर आदळलं. "कुणाला सांगितलंस तर जीव घेईन!"

"घे. पण त्या फळीवर तुला चढू देणार नाही."

त्याची मूठ आपोआप सुटली. तो मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. फेलिसिताने तोंडातलं रक्त थुंकलं, छातीवर क्रूसाची खूण केली, लुंगी घट्ट खोचली आणि ती नावेचे तांडेल आमा गोरिस यांच्या घरी निघाली. उद्या फळीवर दुसरा माणूस उभा करा, एवढं सांगायला.