चाचणीची हाक

सगळे तिला कॅसेटबाई म्हणत. जगातून कॅसेट गेल्या, बाई तेवढी मागे राहिली, असं ती स्वतःच हसून सांगायची. खाली दुकान, वर घर आणि मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. आयुष्याच्या सत्तेचाळीस वर्षांतली बहुतेक वर्षं तिने या तेरा पायऱ्यांवर वर-खाली करण्यात घालवली होती. दुकान तिच्या वडिलांचं. ते टीव्ही, व्हीसीआर, कॅमेरे दुरुस्त करायचे. ती आता त्याच टेबलाशी बसून लोकांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून द्यायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात दोनच माणसं होती. पुढे एकच उरलं.

काम सोपं दिसतं, पण कॅसेटची फीत म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखी. कुठे ओल धरते, कुठे चिकटते, कुठे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. कॅसेटबाई तिला घाई करत नसे. यंत्राचं हेड स्पिरिटने पुसायचं, फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करायची, मग व्हीसीआरची वायर एका छोट्या डबीत आणि डबीची वायर संगणकात. कॅसेट एक तासाची असेल तर एक तास लागणार. आठवणींना शॉर्टकट नसतो, असं ती घाईच्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. उतरवताना ती समोरच्या टीव्हीवर सगळं बघत बसे. लोकांच्या नकळत ती त्यांच्या शेकडो घरगुती समारंभांना हजर राहून आली होती.

त्या दिवशी सकाळी चष्मेवाले काका आले. चार दुकानं सोडून त्यांचं चष्म्याचं दुकान. वडिलांचे मित्र, आणि तिला पहिला चष्मा लावला तोही त्यांनीच. आठ दिवसांपूर्वी तिने त्यांच्या लेकीच्या वाढदिवसाची कॅसेट उतरवून दिली होती. त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"कॅसेटबाई, बिघाड आहे यात."

"चित्र हलतंय का काका?"

"चित्र फक्कड आहे. आवाजात बाई आहे."

"कोण बाई?"

"ते मी तुला विचारायला आलोय. लेक केक कापते, सगळे टाळ्या वाजवतात आणि मधेच कुणीतरी खोकतं. मग खुर्ची करकरते. मग एक उसासा. आमच्याकडे करकरणारी खुर्ची नव्हती गं. माझ्या बायकोने एक दिवस ठेवली नसती."

"काकूच खोकल्या असतील."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. "ती असती तर तक्रार घेऊन आलो असतो होय? चाळीस वर्षं ऐकलाय तिचा खोकला. हा तिचा नाही. म्हणून तर जरा कसंसं होतं. रोज बघतो, आणि रोज ती बाई आमच्यात येऊन बसते."

"ठेवून जा कॅसेट. बघते."

"बघ. आणि हे बघ, कॅसेटला जप. तुझ्या बाबांनी दुरुस्त केलेला शेवटचा कॅमेरा आमचाच. ही त्यातच अडकली होती. त्यांनीच सोडवली." जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "त्यानंतर मी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. मनच झालं नाही."

ते तिला माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ती परीक्षेला गेली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. निघताना वडिलांनी आपलं पेन तिच्या हातात दिलं होतं. चार वाजता ती परत आली तेव्हा ते टेबलाशी खुर्चीत बसल्या जागीच गेलेले होते, मान किंचित वर. समोर काकांचा खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, दुरुस्त होऊन, पुसून ठेवलेला. शेजारच्या शिंप्याने नंतर तिला सांगितलं, "दुपारी हाक ऐकली होती मी त्यांची. म्हटलं, नेहमीचीच असेल."

नेहमीची हाक सगळ्या आळीला पाठ होती. वडील कॅमेरा दुरुस्त केला की गिऱ्हाइकाच्याच कॅसेटवर, त्याचं चित्रण संपतं त्याच्या पुढे थोडी कोरी फीत सोडून, चाचणी घ्यायचे. कॅमेरा टेबलावर स्वतःकडे तोंड करून ठेवायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि माइक लांबचं पकडतो की नाही हे बघायला वर तोंड करून हाक मारायची, "अगं, आहेस का वर?" वरून तिने "आले" म्हणायचं. मग ते "बरं, सावकाश ये" म्हणून कॅमेरा बंद करत. ती खाली जात नसे, तेही वाट बघत नसत. पण उत्तर आल्याशिवाय चाचणी संपायची नाही. तिचं लक्ष नसलं तर दुसरी हाक, तिसरी हाक, मग जिन्यावर काठीने ठकठक. पुढे गिऱ्हाईक त्यावर आपलं काहीतरी चित्रित करी आणि चाचणी पुसली जाई. म्हणून इतक्या वर्षांत, इतक्या कॅसेटींमधे, वडिलांचा आवाज तिला एकदाही सापडला नव्हता.

शिंप्याचं ते वाक्य मात्र तिच्यात रुतून बसलं. ती हाक चाचणीची होती की खरीच, ते ती कुणाला विचारणार? जी काही होती ती रिकाम्या घरात गेली, एवढंच खरं.

तिने कानांवर हेडफोन चढवून काकांचं चित्रण ऐकलं. काका बोलले त्यात खोट नव्हती. सगळा वाढदिवस विहिरीच्या तळाशी चालल्यासारखा घुमत होता, आणि खोकणारी बाई मात्र कानाशी होती. लोक लांब, ती जवळ. मग करकर. मग उसासा, पाठीमागून मानेवर पडावा तसा. कॅसेटबाईने नकळत मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं आणि कपाटात रिकामे डबे.

मग तिने कामाला सुरुवात केली, कारण घाबरलं की काम करावं, ही वडिलांची शिकवण. हेड पुसलं. वायर बदलली. दुसऱ्या व्हीसीआरवर फीत लावून नुसती टीव्हीवर ऐकली: केक, टाळ्या, काकूंचं मोकळं हसू. खोकला नाही. तीच पाच मिनिटं संगणकावर उतरवली आणि ऐकली, तर खोकला होता. पण आता दुसऱ्याच ठिकाणी. पुन्हा उतरवली. या वेळी खोकला नव्हता, पण केक कापताना कुणीतरी हळू आवाजात "बास की आता" म्हणालं.

तिने हेडफोन काढून ठेवले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता. फितीवर बाई नव्हती. संगणकाच्या चित्रणात होती. म्हणजे व्हीसीआर आणि संगणक यांच्यामधे, त्या दोन हातांच्या अंतरात, ती कुठेतरी बसलेली होती. आणि जागा बदलत होती.

चहा करून घेऊन ती परत बसली आणि कॅसेट अगदी सुरुवातीपासून पूर्ण लावली. एरवी चित्रण संपलं की ती यंत्र बंद करायची. आज बाईची वाट बघत बसल्यामुळे तिचं तिकडे लक्ष राहिलं नाही. वाढदिवस संपला. लेकीने मेणबत्तीचा धूर हाताने उडवला आणि पडद्यावर पांढऱ्या मुंग्या आल्या. त्या बराच वेळ वळवळत राहिल्या.

मग हीच खोली आली.

हेच टेबल, हाच जिना, हेच कपाट. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. दुरुस्ती झाली की कॅमेऱ्याचं घड्याळ अचूक लावून द्यायचं, ही वडिलांची शेवटची पायरी. तारीख तिने वाचली, आणि पुन्हा वाचायची गरज पडली नाही. एक वाजून बेचाळीस मिनिटं. टेबलापलीकडे वडील बसलेले. ती आता बसली होती त्याच खुर्चीत, डावा खांदा चोळत.

"एक. दोन. तीन," ते म्हणाले. आवाज थकलेला होता. मग त्यांनी मान वर केली. "अगं, आहेस का वर?"

कॅसेटबाई उठली. कशी उठली ते तिला कळलं नाही. काहीतरी पडलं, फुटलं. पडद्यावर वडील मान तशीच वर ठेवून ऐकत होते. मग त्यांचा चेहरा सैलावला.

"बरं," ते म्हणाले. "सावकाश ये."

त्यांचा हात पुढे आला, मोठा होत गेला, आणि पडदा निळा झाला.

मग तिने संगणकावरचं चित्रण मागे नेलं, हेडफोन लावले आणि तेवढा भाग ऐकला. विहिरीतून आल्यासारखी वडिलांची हाक. आणि त्यावर एका बाईचं उत्तर, अगदी जवळून, स्वच्छ.

"आले."

म्हणजे त्या दिवशी घरात कुणीतरी होतं. कुणीतरी उत्तर दिलं होतं. हाक रिकाम्या घरात गेली नव्हती. सव्वीस वर्षांचं ओझं क्षणभर खांद्यावरून उतरलं.

आणि त्याच क्षणी हेडफोनमधे कप फुटला.

तिने खाली पाहिलं. पायाशी कपाचे तुकडे होते, चहा फरशीभर पसरलेला. सव्वीस वर्षांपूर्वीच्या चित्रणात आत्ताचा कप फुटत होता.

मग सगळं तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचं तिला फार वाईट वाटलं. दहा-बारा दिवसांपूर्वी संगणकाने आपणहून स्वतःत काहीतरी सुधारणा करून घेतली होती. तेव्हापासून तो डबीतून येणारा आवाज घेतच नव्हता. आपल्या कडेच्या टाचणीएवढ्या माइकमधून खोलीतलं ऐकत होता. टीव्हीचा आवाज लांबचा. जवळची बाई ती स्वतःच. तिचा खोकला, तिची खुर्ची, केक फारच मोठा कापला म्हणून तिने मारलेला शेरा. आणि मघाचं ते "आले"सुद्धा तिचंच. सुधारणा झाल्यावर आवाजाची वाट तपासायची, हे शेंबडं पोरही सांगेल. तिने तपासली नव्हती. आणि आपला आवाज माणसाला परका वाटतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

तिने कपाचे तुकडे भरले, फरशी पुसली. आवाजाची वाट पुन्हा डबीकडे वळवली आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून उतरवली, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि वाढदिवस संपताच टीव्ही बंद करून. या वेळी वाढदिवस स्वच्छ आला. काकूंचं हसू घरात असल्यासारखं.

संध्याकाळी काका आले तेव्हा तिने पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. वाढदिवस जिथे संपतो, तिथेच तो संपत होता.

"सापडली का बाई?"

"मीच होते काका. संगणक माझं ऐकत बसला होता."

काका हसले, पण पुरतं नाही. "अरेच्चा. मला आपली थोडी सवय झाली होती तिची." मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुला काय झालं? डोळे तपासून घे हवं तर. की दुसरंच काही?"

"उद्या सकाळी या, चहाला," ती म्हणाली. "कॅसेटच्या शेवटी बाबा आहेत. तुम्हीही बघायला हवं."

ते गेल्यावर तिने फक्त शेवटचा तुकडा लावला. खरा आवाज, त्या दिवसाचा, बरोबर वाटेने आलेला. तो तिने दुपारपासून टाळला होता. एक, दोन, तीन. हाक. तिने दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले, तोंडावर हात धरला.

वरून उत्तर आलं नाही. शिंप्याचं मशीन तेवढं लांबून ऐकू येत होतं, त्या काळातलं. चार सेकंद. आता ते पुन्हा हाक मारतील. उत्तर आल्याशिवाय ते कधी थांबले नव्हते. मग तिसरी, मग काठी.

वडिलांनी मान वर ठेवून ऐकलं. मग त्यांचा चेहरा सैलावला.

"बरं," ते म्हणाले. "सावकाश ये."