शमीमचा चौरस

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी रिक्षात होते. शमीम मॅडम सकाळी गेल्या, एवढंच शिपाई म्हणाला. मी रिक्षा वळवायला सांगितली, आणि कुठं जायचं ते सांगताच येईना...

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी गणित शिकवते, शेजारच्या खोलीत ती कॉम्प्युटर शिकवायची. प्रोग्रॅमिंगची सुरुवात ती आकारांपासून करायची. वर्तुळाचा एक क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला साचा, आयताचा एक. प्रत्येकानं आपली मापं आपल्याजवळ ठेवायची आणि क्षेत्रफळ विचारलं की आपलं आपण सांगायचं. खडूनं आखलेल्या आकारांत ती मुलांनाच उभं करायची. कुणी परस्पर दुसऱ्याचं माप घ्यायला गेलं की ओरडायची, "त्याला इचार ना! त्याच्या घरात काहून शिरून राहिला?" इथपर्यंत आमचं छान जमायचं. भांडण चौरसावरून. चौरसाचा क्लास ती आयताच्या क्लासखाली, त्याचाच एक प्रकार म्हणून, लिहूच द्यायची नाही. "अगं, चौरस हा आयतच असतो, शाळेतलं लेकरूही सांगेल," मी म्हणायची. "तुझ्या फळ्यावर असंल बाई. माझ्याकडं आयताची नुसती लांबी वाढवता येते. चौरसाची वाढवली तर तो चौरस राहील का?"

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. औंढ्याहून एसटीनं येणाऱ्या वैशालीनं चौरसाचा क्लास वेगळा लिहिलेला पाहून ते तिला नापास करायला निघाले. मूळ कल्पनाच कळली नाही म्हणे! पोरीचं शेवटचं वर्ष वाया जाणार होतं. ती रडायला लागली तशी मी शेजारून धावत गेले. शमीमनं मात्र आवाजसुद्धा चढवला नाही. "सर, तुमच्या पद्धतीनं तुमीच लिहा." त्यांनी लिहिला. "आता फक्त लांबी वाढवून दाखवा." त्यांनी वाढवली. पडद्यावर चौरसाची लांबी दहा, रुंदी पाच! परीक्षकांनी आपलाच प्रोग्रॅम पुन्हा वाचला, मग ते हसले आणि वैशालीला पैकीच्या पैकी मार्क दिले. "बराबर हाय ना, गणितवाले?" शमीमनं मलाच डिवचलं. माझी मैत्रीण आहे ही, असं साऱ्या कॉलेजला ओरडून सांगावंसं वाटलं मला. अर्थात तिच्यासमोर मी कबूल केलं नाही.

वैशाली आता मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. मातीला आली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली.

परवा फळ्यावर चौरस काढला. "हाही आयतच," मुलांना सांगितलं, आणि सांगताना आवाज आपोआप खाली आला... भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.