वय वर्षे तीन

अहिल्यानगर जिल्ह्यातील तमाम सुज्ञ नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एका करड्या वर्णाच्या, सुस्वभावी, निर्व्यसनी वधूसाठी घर पाहिजे. घर कसंही चालेल. पत्र्याचं, स्लॅबचं, मळ्यातलं, बिल्डिंगमधलं. वधूला एक खिडकी लागते आणि दोन वेळचं जेवण. जातपात, पत्रिका पाहिली जाणार नाही. घरात सासू असल्यास प्राधान्य.

हे निवेदन मी खरोखर केलं होतं, तेही माईकवर. कारण मला दुसरं काही येतच नाही. पंचवीस वर्षं मी लग्नांत आणि वधू-वर मेळाव्यांत माईक धरून उभा आहे. रविवारी मुहूर्त नसला की मी शहराच्या कडेला एका बंद पोल्ट्रीच्या शेडमध्ये जातो. तिथे एक निवृत्त परिचारिका टाकून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळतात. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. महिन्यातून एकदा त्या लोकांना बोलावतात, लोक जनावरं बघतात, पसंत पडलं तर घरी नेतात. म्हणजे हा मेळावाच झाला. मी माझा स्पीकर घेऊन गेलो आणि आपोआप निवेदक झालो.

पिल्लांना माझी गरज नसायची. पिल्लू नुसतं शिंकलं तरी कॉलेजच्या पोरी 'अय्या' म्हणून खाली बसायच्या. अर्ध्या तासात टोपली रिकामी. मग उरायची आमची करडी वधू, म्हणजे एक मांजर.

वय वर्षे नऊ. एक कान जरा कापलेला, पोट थोडं सुटलेलं, स्वभाव एखाद्या मुख्याध्यापिकेसारखा. तिची मालकीण मुलीकडे परदेशी गेली, जाताना हिला इथल्या पिंजऱ्यात ठेवून गेली आणि पिंजऱ्यात अंथरायला स्वतःचा मरून स्वेटर देऊन गेली. ती बाई स्कूटर चालवायची. त्यामुळे फाटकाशी स्कूटर थांबली की आमची वधू उठून उभी राहायची. कान टवकारायची. मग उतरलेलं माणूस बघायची आणि पुन्हा स्वेटरवर बसायची. सव्वा वर्ष हे चाललं होतं. बघणाऱ्याला दुसरीकडे बघावंसं वाटायचं. मी तर मुद्दाम माझी गाडी लांब लावून चालत यायचो.

"मग तुम्हीच का नाही नेत?" असं मला प्रत्येक जण विचारतो. माझ्या बायकोला दमा आहे. मेळाव्याहून आलो की ती मला अंगणातच शर्ट काढायला लावते. मी फक्त दुसऱ्यांची घरं भरू शकतो.

तर लोक यायचे, वधूसमोर उभे राहायचे, "शांत आहे हो," म्हणायचे. मग विचारायचे, "वय काय?" ताई खरं सांगायच्या, "नऊ." मग ते एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "कळवतो."

मेळाव्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. 'कळवतो' म्हणालेल्या एकाही माणसाने आजवर कुणाला काही कळवलेलं नाही.

म्हणून मी माझा धंद्यातला उपाय काढला. वधूचा बायोडाटा केला. वर्ण: रुपेरी. शिक्षण: वाळूच्या ट्रेमध्ये पूर्ण. आवड: सुकट. आणि वय वर्षे तीन. नुसत्या बायोडाट्यावर भागेना, म्हणून तिच्या लसीकरणाच्या कार्डावरही व्हाइटनर लावून सुंदर अक्षरात तीनचा आकडा घातला.

ताई म्हणाल्या, "भाऊ, हे बरं नाही."

"ताई, खरं वय सांगून आपल्या जिल्ह्यात किती लग्नं जमली? एक दाखवा."

ताई औषधाच्या बाटल्या पुसू लागल्या. त्यांचं स्वतःचं कसं जमलं होतं ते मी विचारलं नाही.

त्याच रविवारी राहुरीकडच्या एक मावशी आल्या. नगरला चष्मा करायला मुलाच्या मोटारसायकलवर आल्या होत्या, जाताना आमचा बोर्ड बघून थांबल्या. मुलगा सुप्याला कंपनीत, तिथेच बायकोसह खोली घेऊन राहणारा. मावशी मळ्यात एकट्या. मुलगा म्हणाला, "आये, यातलं एखादं पिल्लू घे की." मावशींनी टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. नवा चष्मा सावरत त्या सरळ करडीच्या पिंजऱ्यापाशी जाऊन खाली बसल्या आणि जाळीतून दोन बोटं आत घातली.

आणि काय सांगू! सव्वा वर्षात कुणाजवळ न गेलेली ती मुख्याध्यापिका उठली, आळस दिला, आली, आणि त्या बोटांवर कपाळ टेकवून उभी राहिली. तशीच. मावशीही हलेनात. मला मंगलाष्टकं सुरू करावीशी वाटली.

"वय काय म्हनायचं हिचं?" मावशींनी विचारलं.

मी माईकच उचलला. "तीन! फक्त तीन वर्षं! एकदम तरणीताठी! नीट सांभाळलंत तर अजून पंधरा वर्षं तुमच्या घरातून हलत नाही!"

मावशींची बोटं थांबली.

"पंधरा?"

"पंधरा! वर एखादं जास्तच!"

"लई झाली की," त्या म्हणाल्या. बोटं हळूच बाहेर काढली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मुलगा म्हणाला, "आये, आवडली ना?" त्या चालू लागल्या. फाटकापाशी गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कळवते."

करडी जाळीला कपाळ लावून उभीच होती. त्या दिवशी ती पुन्हा बसायला फार वेळ लागला. मला वाटलं, कापलेला कान नडला.

दोन आठवड्यांनी तो मुलगा एकटाच आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत हातभर लांबीरुंदीची गोधडी. आईनेच शिवलेली, काठाला हिरवी पट्टी.

"आयेनं धाडली. त्या मांजरीला खाली घालाया."

"अहो, मग मांजरच न्या ना!" मी म्हणालो.

"आमी लई सांगितलं. ती म्हनती, माझी शहात्तर झाली. हिचं अजून सारं आयुष्य पडलंय. मी गेल्यावर तिला कोन बघनार? आमच्या खोलीचा मालक चिमनी पन ठेवू देत न्हाई. म्हातारी असती तर दोघी जोडीनं काढली असती, म्हनती."

माझ्या पायाखालची जमीन म्हणतात ती कुठे गेली ते कळेना. मी ओरडलो, "अहो, म्हातारीच आहे ती! नऊ वर्षांची आहे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं मी आजवर फक्त मुलाचा पगार फुगवून सांगणाऱ्या बापाकडे पाहिलं होतं.

"भाऊ, खपत नसली म्हनून आता वय वाढवून सांगताय व्हय?"

मी धावत कार्ड आणलं. त्याने ते उन्हात धरलं, व्हाइटनरवर नख फिरवलं. "हे तर खाडाखोड केलेलं हाय." तीनखालचा नऊ काही दिसेना. माझं काम नेहमी पक्कं असतं.

"ताई, तुम्ही सांगा!" मी म्हणालो.

ताई म्हणाल्या, "खरंच नऊ आहे, बाळा."

"ताई, मग त्या दिवशी तुमी हितंच हुत्या. गप का बसल्या?"

ताई करडीच्या वाटीतलं पाणी बदलू लागल्या. आयुष्यभर मी लोकांची वयं, नोकऱ्या, स्वभाव माईकवरून रंगवून सांगितले आणि लोकांनी माना डोलावल्या. त्या दुपारी पहिल्यांदा साधं खरं बोललो, तर एक माणूस विश्वास ठेवेना. मी त्याच्यापुढे हात जोडले. "निदान आईला फोन तरी लावा."

हे लिहितोय तेव्हाही करडी शेडमध्येच आहे. स्वेटर आता बाजूला पडलाय, ती गोधडीवर झोपते. मी दर रविवारी तिला तिचं खरं वय मोठ्याने सांगतो. बोर्डावरही नऊ लिहिलंय, ठळक. तो वाचून लोक 'कळवतो' म्हणतात. मावशींकडून मात्र अजून ना हो, ना नाही.

पण त्या दुपारी तो फोन लागला होता. मुलाने स्पीकर सुरू केला, मी घशाला कोरड पडेपर्यंत सगळं कबूल केलं, व्हाइटनरसकट. पलीकडे नुसतं पाण्याच्या मोटारीचं घरघरणं. मग मावशी म्हणाल्या, "तवा तीन, आता नऊ. फुडल्या ऐतवारी बारा करशील." मोबाईलमधून तो आवाज आला आणि करडी उठली. जाळीपाशी आली, कान टवकारले आणि सव्वा वर्षात प्रथमच, लांबलचक, तक्रार केल्यासारखी ओरडली. पलीकडे मोटार बंद झाली.

"मुडद्या, तू बाजूला हो," मावशी म्हणाल्या, "अन् फोन तिच्याजवळ धर. तुमच्यात तेवढी एकच खरं बोलनारी दिसतिया!"