आधी बस खाली

पांढरकवड्यातली निम्मी भांडणं कोर्टात मिटली असतील. उरलेली सगळी आमच्या शाळेच्या फाटकाशी बोरं विकणाऱ्या बाईनं मिटवली. कोपरापर्यंत बांगड्या ल्यालेली ही बाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत यायची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही पोरंही तिला याडीच म्हणायचो. राग माणसाच्या पायात असतो, असं तिचं ठाम मत. त्यामुळे भांडण दिसलं की "आधी बस खाली!" ही तिची आरोळी. एकदा हैदराबादकडे निघालेले दोन ट्रक ड्रायव्हर एकमेकांची गचांडी धरून उभे होते, तर तिनं त्यांना भर सडकेवर मांडी घालून बसवलं. तांड्याचा कायदा असा, की एकाचं संपेस्तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मागे ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजले. पण दोघं उठले ते एकमेकांना बोरं भरवूनच.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी पाचवीत होतो. सातवीतला एक धिप्पाड पोरगा रोज माझी टोपी उडवायचा आणि तिच्यात गोटे भरून ती मला डोक्यावर घ्यायला लावायचा. शेवटी दप्तर विहिरीत टाकायचं आणि शाळाच सोडायची, असं ठरवून मी फाटकाबाहेर पडलो.

"कुठी चालला रे?" याडीनं हटकलं. सगळं ऐकून तिनं मधल्या सुटीत आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. "तू बोल पयले." मला हुंदक्यांपलीकडे काही येईना. "रडनं बी बोलनंच हाय. रड सावकाश, आमाले घाई नाई." तो उठू लागला. "तू बस! त्याचं रडनं संपलं नाई अजून." घंटा झाली तरी मी रडतच होतो. अखेर तोच रडवेला झाला, "पुरे कर न बे आता! नाई उडवत तुही टोपी." दंड म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं मला टोपी घातली आणि आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत माझं दप्तर वाहिलं. पुढे आमची दोस्तीच झाली.

वर्गात मात्र मी सांगितलं, की त्याला मी एकट्यानं वठणीवर आणलं. तो भला, हसून 'हो' म्हणाला. मास्तरांनी प्रार्थनेत ते सगळ्या शाळेला सांगून माझी पाठ थोपटली. याडी फाटकातून ऐकत होती. मी बाहेर आलो, तर मूठभर बोरं देत म्हणाली, "एकट्यानं केलं म्हनते? मोठा झाला रे लेकरा!" मी उभ्याउभ्याच बोरं खाल्ली आणि पळालो. गावात तीच गोष्ट रुजली. माझ्या पंच्याहत्तरीच्या सत्कारातही वक्त्यांनी सांगितली आणि मी मान डोलावली.

आज खुर्ची सोडून जमिनीवर बसून हे लिहिलं. गुडघे कुरकुरतायत. माझं संपलं, याडी. आता तुझी पाळी. मी बसलोय.