नळीखालचा शिक्का

कुणी जुनी बंदूक दाखवायला दुकानात आणली, की मिस्तरी आधी नळ्या खोलून त्यांची खालची बाजू बघत. कारखान्याचे शिक्के तिथं असतात, त्यांवरून वय कळतं. बाहेरून रंगवता काय, कुणालाही येतं. गिऱ्हाइकानं फारच शंका काढली, तर म्हणत, "अहो, हिच्या बारशाला जेवलोय मी."

एवढा खमका माणूस, पण लेकीपुढे लोणी. सकाळी ती नेमबाजीसाठी नुकतीच घेतलेली जुनी दुनळी बंदूक घेऊन आली. "बाबा, वय सांगा पटकन, मैदानावर सगळे खोळंबलेत." मिस्तरींनी चापाजवळचा नंबर वाचला आणि म्हणाले, "तीस वर्षांची आहे, बिनधास्त चालव." नळ्या खोलल्याच नाहीत.

दुपारी ती बंदूक विकणारा शेजारी चहाला आला. बोलता बोलता म्हणाला, "मूळच्या नळ्या चेपल्या होत्या हो. आमच्या पणजोबांच्या बंदुकीच्या बसवल्या, वर पॉलिश मारलं. आहे का कुणाची ओळखायची टाप?"

मिस्तरींनी कपबशी खाली ठेवली. पणजोबांच्या म्हणजे बंदुकीच्या जुन्या, सौम्य काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांत आजचं काडतूस घातलं तर नळी फुटते, आणि फुटते ती धरलेल्या डाव्या हाताखालीच. तसे हात त्यांनी पाहिले होते.

लेक मैदानावर फोन उचलत नसे. दुकान उघडं टाकून ते पळत सुटले. मैदानाच्या फाटकाशी बार ऐकू आला. दुसरा बार येईना. त्यांना भयंकर भीती वाटली, इतकी की आत जाऊच नये असं वाटलं.

आत ती उभी होती. बंदूक खांद्याला, बोट चापावर. ओरडावं तर दचकून चाप ओढायची. ते मागून गेले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "बाळा, बोट काढ. आता खाली घे."

तिनं ऐकलं. त्यांनी बंदूक उघडली. एक काडतूस उडालेलं, दुसरं भरलेलं. उडालेल्या नळीखालून अंगठा फिरवला. जिथं तिचा तळवा होता, बरोबर तिथं लोखंड फुगलं होतं.

"बाबा, काय झालं?"

त्यांनी तिचा डावा हात घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.

"सोडा की, लोक बघतायत."

घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.