सरूकाकूंचा एप्रिल

मे महिन्याच्या भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नसताना, सरूकाकू ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहत. डोळ्यांवर हात धरून त्या पांढऱ्याफटक आभाळाकडे पाहत आणि म्हणत, "सरत आला असन आता पाऊस. गवत कमरेइतकं झालं असन."

मी धामणगाव बढ्याच्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झाला असावा, असंच मला वाटलं. माझ्या बायकोने तर त्यांना लिंबाचं सरबत नेऊन दिलं. काकूंनी ते पिऊन टाकलं, पेला विसळून परत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "इथला पाऊस नाई बाई. मधूकडचा."

मधू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आफ्रिकेत होता.

काकूंचे यजमान फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी, मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर बोटीने पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकात गेले होते. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. जंगलातली जनावरं पाहायला आलेले परदेशी लोक तिथून निघत. त्यांना तंबू, कंदील, डब्यातलं अन्न, पाण्याच्या टाक्या पुरवणाऱ्या एका साहेबाच्या कोठीवर ते कामाला लागले. मागून सरूकाकू गेल्या. जंगलातून फाटून आलेले तंबू त्या शिवून द्यायच्या. यजमान वारल्यावर त्या धामणगावला आल्या त्या वर्षभरासाठी म्हणून. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. दिराकडून घराचा आपल्या वाट्याचा भाग मागून घ्यावा, सासरच्या माणसांना भेटावं आणि परत जावं, असा त्यांचा बेत होता. येताना त्यांनी तंबू शिवायचं जाड, काळं मशीन बरोबर आणलं होतं. त्या मशीनवर त्या आता बैलगाड्यांच्या ताडपत्र्या आणि शाळेतल्या मुलांची दप्तरं शिवत. त्यांनी शिवलेलं दप्तर चौथीपर्यंत उसवत नसे.

वर्षाची दोन झाली, दोनाची चार झाली, चाराची आठ झाली. काकू परत गेल्या नाहीत, कारण मधूने बोलावलं नाही.

तो पत्र मात्र नेमाने पाठवी. मोटारीतून पाहुण्यांना जंगलात फिरवून आणणं हे त्याचं काम. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सीझन असतो, तंबूतच झोपावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा पाहुणे येतात. मार्च ते मे मुसळधार पाऊस, रस्ते बंद, या दिवसांत तू येऊ नकोस. प्रत्येक पत्रात हेच, थोड्या वेगळ्या शब्दांत. काकू ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवत आणि कोणी काही विचारायच्या आत सांगत, "सीझन हाये ना त्याचा. तो तरी काय करन?" मुलाच्या वतीने त्या सगळ्या गावाला तिकडचे ऋतू समजावून सांगत. कोणत्या महिन्यात न्यूंबू नावाची हरणं लाखांनी दक्षिणेच्या माळावर येऊन वितात, केव्हा ती उत्तरेकडे निघतात, नदीत उतरताना मगरी कशा टपून असतात, हे धामणगावच्या बायकांना मालेगाव-मलकापूरच्या बाजाराइतकं पाठ झालं होतं.

काकूंना एक खोड होती. अमुक गोष्ट चांगली, असं कोणी म्हणालं की त्या लगेच विचारत, "कोनासाठी चांगली?" मला त्यांनी एकदा असंच धरलं. शाळेची सहल लोणारला न्यायची होती. दिवाळीच्या सुटीत जायला बरं, असं मी म्हणालो.

"कोनासाठी बरं? मास्तरासाठी का पोराइसाठी?"

"दोघांसाठी, काकू."

"दिवाळीत पोट्टे कापूस येचाले जातेत. तुमच्यासंग कोन येईन? हेडमास्तरचे दोघं अन् तलाठ्याचा एक. संक्रांत होऊ द्या."

संक्रांतीनंतर आम्ही गेलो. वर्गातला एकही मुलगा मागे राहिला नाही.

गावातले बापूसाहेब मोठे जमीनदार. पूर्वी शिकारीचा नाद होता, पुढे तो सुटला, पण जनावरांचं वेड तसंच राहिलं. त्यांचे मेहुणे मधूच्या गावापासून मोटारीने दिवसभराच्या वाटेवर, नैरोबीला डॉक्टर होते आणि बरेच दिवस बोलावत होते. अखेर बापूसाहेबांनी जायचं ठरवलं. केव्हा जावं, हे विचारायला ते काकूंकडे आले. मीही तिथेच होतो. एवढा मोठा माणूस मशीनशेजारच्या स्टुलावर अवघडून बसला होता आणि काकू ताडपत्रीला दाभण घालता घालता बोलत होत्या.

"काय पाहाचं हाये तुमाले?"

"सिंह पाहाचा, हत्ती पाहाचे. सारंच पाहाचं. सगळ्यात चांगला महिना कोनता तेवढं सांगा, वहिनी."

काकूंनी खोडीप्रमाणे लगेच विचारलं, "कोनासाठी चांगला?" मग स्वतःच हसून म्हणाल्या, "लेकरं पाहाची असतीन तर फेब्रुवारीत जा. माळभर वासरं पडलेली दिसतीन, जलमल्या जलमल्या धावाले लागतेत. सिंह पाहाचा असन तर सप्टेंबर. गवत वाळून आडवं होते, डबकी आटतेत, मंग सारे जनावरं एकाच पान्यावर येतेत. तुमी निस्ते बसून राहा, सिंह तुमच्याकडे येईन."

"मग सप्टेंबरच धरतो. निंदणं झालेलं असते, कापूस फुटाचा असते."

"धरा. पन मालक, एक ध्यानात ठेवजा. तुमाले पाहाले सोपं जाते, म्हंजे त्याइले जगाले जड जाते. तहानलेलं जनावर हाये ते. मोटार लय जवळ नेऊ नोका."

बापूसाहेबांनी मान डोलावली. निघताना काकूंनी त्यांच्याकडे एक गाठोडं दिलं. त्यात शेवया होत्या, लोणच्याची बरणी होती आणि अंदाजाने शिवलेला एक खाकी सदरा होता. "मधूचीच गाडी मांगजा," त्या म्हणाल्या. "अन् तो वाळला का भरला, तेवढं डोयानं पाहून या."

बापूसाहेब दिवाळीच्या तोंडावर परतले. काकूंकडे जाण्याआधी ते शाळेत मला भेटायला आले आणि मला वर्गाबाहेर बोलावून कडुनिंबाखाली घेऊन गेले.

"मास्तर, मोठी पंचाईत झाली. त्या पोरानं तिकडचीच बाई केली हाये. काळी. चर्चात जाऊन लग्न लावलं. दोन पोरी हायेत, मोठी पाच वर्षांची. मी त्याच्या घरी जेवलो, मास्तर. चांगली बाई हाये. पन माईले सांगू नोका म्हणून तो माया पायाच पडला. माय जीव देईन म्हणे."

"मग?"

"मग काय? मायाच्यानं लपवनं बी होत नाई अन् सांगनं बी होत नाई. तुमी शेजारी हा. तुमी सांगा."

ते त्यांच्या परीने मोकळे झाले. संध्याकाळी काकूंकडे जाऊन त्यांनी सिंहांच्या गोष्टी सांगितल्या, मधू धडधाकट आहे म्हणाले आणि त्याने दिलेली कॉफीच्या बियांची व लवंगांची पिशवी ठेवून निघून गेले.

मी आठ दिवस गप्प राहिलो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. बायकोलाही मी बोललो नाही. याला मी तेव्हा काकूंची काळजी म्हणत होतो. खरं तर त्यांचा चेहरा पाहायची माझी हिंमत नव्हती.

आठव्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. कॉफीची पिशवी रिकामी करून त्यांनी ती उलटी केली होती आणि उजेडात धरली होती.

"मास्तर, इकडे या. हे शिवण पाहा."

मी पाहिलं. मला त्यात काही कळलं नाही.

"मधूले सुईत दोरा ओवता येत नाई. अन् हे बाजारची पिशवी नाई, घरी शिवलेली हाये. हा उलटा टाका तिकडच्या बाया घालतेत. मायाजवळ दोघी होत्या तंबू शिवाले, त्या असाच घालत." त्यांनी बोट खाली सरकवलं. "अन् इथून पुढं पाहा. वाकडेतिकडे, एक लांब, एक आखूड. हे लेकराचे टाके हायेत. कोनी तरी माय लेकराले शिवाले शिकवून राह्यली."

मी मान खाली घातली.

"तुमाले ठाऊक होतं?"

"हो, काकू."

"किती दिस झाले?"

"आठ."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पिशवी पुन्हा सुलट केली, मांडीवर ठेवली आणि हाताने सारखी करत राहिल्या. म्हणाल्या, "आठ दिस तुमालेच जड गेलं असन." मग विचारलं, "पोरगा हाये का पोरगी?"

"दोघी मुली आहेत."

"नावं काय?"

मला माहीत नव्हतं. बापूसाहेबांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"नावं बी नाई इचारली?" काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाप्पा! तुमी मास्तर ना?"

इतक्या वर्षांत मला अनेकांनी अनेक गोष्टींवरून बोल लावले. या एका वाक्याइतका खोल कोणताच गेला नाही.

चार दिवस काकूंनी मशीनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी मधूला पत्र लिहिलं आणि टपालात टाकण्याआधी मला वाचायला दिलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. "मले सारं समजलं. मी एप्रिलात येऊन राह्यली. सुनेले सांग, मायासाठी येगळं काही करू नोको," एवढंच होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात क्षमा मागितली होती, रडणं होतं आणि शेवटी तेच होतं: एप्रिलात भर पाऊस असतो, रस्ते बंद असतात, एकही जनावर दिसत नाही, कोणीच येत नाही. जुलैत ये, सगळं दाखवतो.

"याले अजून समजलं नाई," काकू म्हणाल्या. "जुलैत तो लोकाइचा असते. सकाळी जाईन, पंधरा दिसानं येईन, मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? एप्रिलात पाहुना नाई, मोटार नाई, कुठं जानं नाई. चूल पेटवून सारे घरात बसलेले असतेत. मले काय जनावरं पाहाचे हायेत?"

त्यांच्या दिराला हे पटणं शक्यच नव्हतं. नामदेवराव वाईट माणूस नव्हते, पण भावकीला भीत होते. ओसरीवर चारचौघांत ते म्हणाले, "वहिनी, गेल्या तर हे घर तुमाले बंद. त्या घरचं पानी पिऊन तुमी इथं येसान, अन् मले पोरी उजवाच्या हायेत. लोकं मायाकडे पाहतीन."

"बरोबर हाये, भाऊजी," काकू म्हणाल्या. "तुमाले तुमच्या पोरी पाहाच्या हायेत. मले माया दोघी."

नामदेवराव उठून आत गेले. काकूंनी घरातला आपला भाग त्यांच्याकडे सोडून दिला आणि ते काळं मशीन माझ्या बायकोला दिलं. पासपोर्टची खटपट बापूसाहेबांनी केली, लशी टोचून घ्यायला त्यांना मुंबईपर्यंत नेण्याचंही त्यांनीच कबूल केलं. मला वाटतं, कडुनिंबाखाली माझ्यावर टाकलेलं ओझं त्यांना परत उचलायचं होतं.

मार्चच्या अखेरीस मी आणि माझी बायको त्यांना एस.टी.ने मलकापूर स्टेशनवर सोडायला गेलो. बापूसाहेब तिकिटं घेऊन आधीच पोचले होते. काकूंचं वय तेव्हा साठीला आलेलं. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, "काकू, परत कधी याल?" विचारल्याबरोबर मला कळलं की यायला त्यांना घर उरलेलं नाही.

त्यांनी मला वाईट वाटू दिलं नाही. "पाहू," म्हणाल्या. "आधी पोह्यचू तर द्या." आणि माझ्या बायकोकडे वळून मशीनला तेल कोणतं घालायचं ते सांगत बसल्या. गाडी आली, त्या चढल्या, खिडकीत बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात जोडले. आम्हाला जोडले, की मागे राहिलेल्या सगळ्यालाच, ते मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये त्यांचं पहिलं पत्र आलं. प्रवासाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. सुरुवातच अशी होती: "मास्तर, मोठीचं नाव नीमा. धाकटीचं आशा. दोन्ही नावं इकडचेच हायेत, पन आपल्या गावात बी चालतीन." पुढे लिहिलं होतं की सून पहिले तीन दिवस समोर आली नाही, चौथ्या दिवशी दोघी मिळून गळकं छप्पर शाकारायला चढल्या, आणि मग सगळं सोपं झालं.

त्यानंतर वर्षाला एखादं पत्र येई. मधूचं एकही आलं नाही. माझी बदली मेहकरला झाली, नवा पत्ता मी कळवला. पुढे दोन वर्षं काहीच आलं नाही. मग एके दिवशी तिकडचं तिकीट लावलेलं पाकीट हातात पडलं. आतलं अक्षर अनोळखी होतं. देवनागरी होतं, पण एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं काढलेलं.

"मास्तरकाका, आजी गेली. बिमार नोयती. दुपारी जेवली अन् निजली, मंग उठली नाई. बाबा घरीच होते. आजी म्हने का धामनगावच्या मास्तरले कळवजो, तो आपला मानूस हाये. मले मराठी आजीनं शिकवलं. आशेले बी येते, पन तिले लिहाचा कंटाळा हाये. तुमी आमच्याकडे काऊन येत नाई? चुकलं असन तर सांगजा. नीमा."

मी ते पत्र टेबलावर ठेवलं. नोकरीला लागल्यापासून मी वऱ्हाडातल्या मुलांच्या वह्यांत 'मले'चं 'मला' आणि 'असन'चं 'असेल' करत आलो होतो. लाल पेन्सिल तिथेच, टेबलावर होती. नीमाला मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, की तुझ्या पत्रात एकही चूक नाही.