नाक्यावरचा आकार

फ्लेक्स लावायची घाई वडिलांची. सुकापूरच्या नाक्यावर, वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात त्याच बांबूंवर माझा फोटो, शेजारी कॉम्प्युटरने काढलेलं खोगिरासारखं चित्र आणि खाली ‘नव्या आकाराचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ. ग्रामस्थांना कुणी विचारलं होतं! मी दिवसभर धुसफुसत होते.

मिठागरात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला माझं काम मीच समजावलं होतं. काही पृष्ठभाग असे असतात की त्यांच्यावर कुठेही उभं राहा, आजूबाजूला तेच दिसतं. अशा सगळ्यांची यादी करायची. आमच्या भूमितीत लांबी आणि कोन यांना किंमत नाही. चेंडू एका बाजूने ताणून लांबट केला तरी तो चेंडूच धरायचा, यादीत दुसरा म्हणून लिहायचा नाही. चार मितींमधला एक पृष्ठभाग मला सापडला होता आणि तो कुठल्याच यादीत नव्हता.

“म्हंजे तुझ्याआदी यो कोनालाच ठाव नवता?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांच्या किडन्या तेव्हाच निकामी झाल्या होत्या. फार आशा ठेवू नका, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते.

फ्लेक्स लागल्यावर, लेख पाठवण्याआधी म्हणून मी आकडेमोड पुन्हा तपासली. एका ओळीत उणे चिन्ह सुटलं होतं. ते घातलं आणि माझ्या पृष्ठभागात आणि यादीतल्या एका जुन्या पृष्ठभागात फरकच उरेना. दुपारभर पानं खरडली. शेवटी मोजायचे अक्ष फिरवून पाहिले, तर ते जुनं समीकरण जसंच्या तसं समोर आलं. माझा नवा आकार म्हणजे तोच, जरा तिरका धरलेला.

डायलिसिससाठी पनवेलला जाताना रिक्षा त्याच नाक्यावरून जायची. वडील मान बाहेर काढून रिक्षावाल्याला दाखवायचे, “ती माझी बाय.” मी काही सांगितलं नाही तर ते सुखाने जातील, हे मला कळत होतं. पण ते कौतुक माझ्याच्याने ऐकवेना. एका सकाळी रिक्षातच सांगून टाकलं, “बाबा, तो आकार जुनाच निघाला. माझं चुकलं.”

नाका जवळ आला तसे ते रिक्षावाल्याला म्हणाले, “दुसऱ्या रस्त्यान घे.”

पुढे आम्ही कायम त्या लांबच्या रस्त्याने गेलो. तो नुसता खड्ड्यांचा. दर धक्क्याला ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी त्यांचा हात धरून बसायचे. फ्लेक्स काढून टाकू का, असं विचारलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. लोकांना काय ठाव नाय.” माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

ते गेले तेव्हा गावातल्या पोरांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्याच बांबूंवर, माझ्या फ्लेक्सवरच बांधला. वाऱ्याने त्यांच्या फोटोचा कोपरा उचलला की खालचं ‘अभिनंदन’ वाचता येतं. मी ते एकदाच पाहिलं. अजूनही लांबच्या रस्त्यानेच जाते.